काठावरची पेशवाई

काशीच्या गल्ल्यांतून कितीही फिरा, शहराचा चेहरा काही दिसत नाही. दिसतात त्या पाठी. घरांच्या, देवळांच्या आणि अर्थातच सांडांच्या. विश्वनाथाच्या बाजूच्या गल्लीत मान वर केली तर वीतभर आभाळ, खाली शेण, आणि मागून भोंगा वाजवत अंगावर येणारा मोटारसायकलवाला. या शहराचं तोंड नदीकडे आहे, आणि ते पाहायचं तर पाण्यात उतरावं लागतं.

याला कारण नदीचं वळण. गंगा इथे उत्तरेकडे वळते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला, कंकराचा उंच, टणक काठ आहे. पाणी त्याला धडका देतं, पण तो सहसा हटत नाही. समोरचा पूर्वकाठ सखल, वाळूचा, दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा. त्यामुळे अख्खं शहर एका काठावर आणि समोर नुसती मोकळी रेती. दक्षिणेला अस्सीपासून उत्तरेला वरुणेच्या संगमापर्यंत साडेसहा-सात किलोमीटरची कमान आहे. तिच्यावर 84 घाट मानतात. सूर्य रेतीच्या बाजूने उगवतो आणि पहिलं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं. नौकाविहार सकाळीच करावा तो यासाठी. संध्याकाळी सगळे आरतीला धावतात, पण तेव्हा ऊन घाटांच्या पाठीमागे गेलेलं असतं आणि दिसतात ते फक्त दिवे.

हल्ली नदीवर जायचे मार्ग बरेच झालेत. हातवल्ह्याच्या नावा आहेत, दुमजली बजडे आहेत. डिझेलवर खोकत चालणाऱ्या बऱ्याच मोटारबोटींना आता सीएनजीचं इंजिन बसलंय, आणि त्यासाठी खिडकिया घाटाजवळ पाण्यावर तरंगणारा गॅसपंप उभा राहिलाय. 2018 मध्ये 'अलकनंदा' ही वातानुकूलित क्रूझ आली तेव्हा मल्लाहांनी विरोध केला होता. पोटावर पाय येणार हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं. पुढे 13 जानेवारी 2023 रोजी 'गंगा विलास' ही लांब पल्ल्याची क्रूझ इथूनच दिब्रुगडला निघाली: 51 दिवस, सुमारे 3200 किलोमीटर. आपल्याला तेवढी उसंत नाही. अस्सी ते राजघाट हा तासा-दीड तासाचा फेरा पुरे.

मोठ्या बोटीत खुर्ची असते, चहा मिळतो, स्वच्छतागृह असतं. वय झालेल्या माणसांनी बिनदिक्कत तिचंच तिकीट काढावं. पण तिथल्या ध्वनिक्षेपकावर जी माहिती ऐकू येते, तिच्यात ब्रह्मदेवाचे दहा अश्वमेध येतात, शिवाचं कर्णभूषण येतं, हरिश्चंद्र येतो आणि तिथून उडी थेट आरतीच्या वेळापत्रकावर पडते. मधली हजारेक वर्षं गायब. आणि नेमकी डोळ्यांसमोरची दगडी बांधणी त्या गायब काळातल्याही अगदी शेवटच्या तुकड्यातली आहे. घाट पुराणाइतके जुने नाहीत. जे दिसतं ते बव्हंशी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातलं काम आहे, चुनारच्या वालुकाश्मातलं, आणि त्यातला मोठा वाटा मराठ्यांचा. बनारस हिंदू विद्यापीठात प्राचीन इतिहास शिकवणारे अनंत सदाशिव आळतेकर यांनी काशीचा इतिहास लिहिताना आजचं काशी ही मुख्यतः मराठ्यांची निर्मिती आहे असं नोंदवलं होतं. ते स्वतः मराठी, म्हणून हवं तर थोडी सूट धरा. पण नावेत बसून घाटांची नावं वाचत गेलात तर ती सूट धरायची गरज वाटत नाही.

मी अस्सीवरून लहान नाव घेतली. नावाडी निषाद, घाटावर त्याच्या आजोबांपासून जागा ठरलेली. कुठल्या घाटावर कोणाची नाव लागणार याचे इथे पिढीजात हक्क आहेत आणि त्यावरून भांडणंही पिढीजात आहेत. भाव ठरवताना त्याने विचारलं, "महाराष्ट्र से?" हो म्हटल्यावर भाव उतरला नाही, पण रस्ता ठरला. "तब तो धीरे-धीरे ले चलेंगे."

अस्सी सोडल्यावर लगेच भदैनी. मोरोपंत तांबे इथे राहत. दुसऱ्या बाजीरावाचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा पेशवाई बुडाल्यावर काशीत येऊन राहिले, त्यांच्या पदरी मोरोपंत होते. त्यांची मुलगी इथेच जन्मली आणि पुढे लागणाऱ्या एका घाटाचं नाव तिला मिळालं: मणिकर्णिका. चिमाजीअप्पा वारल्यावर मोरोपंत ब्रह्मावर्ताला बाजीरावाकडे गेले. बाकीचं आपण शाळेत शिकलोय.

शेजारी तुळशी घाट. गोस्वामी तुलसीदास 1623 मध्ये वारले ते इथे. पण मला या घाटावर आठवतात ते वीरभद्र मिश्र. संकटमोचन मंदिराचे महंत आणि त्याच वेळी बनारस हिंदू विद्यापीठात जलशास्त्राचे प्राध्यापक. हा माणूस रोज गंगेत स्नान करायचा आणि त्या पाण्यात काय मिसळलंय हे त्याला नेमकं माहीत असायचं. 1982 मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन काढलं, घाटावर प्रयोगशाळा उभारली आणि आकडे मोजत राहिले. स्नानाच्या पाण्यात शंभर मिलिलिटरमागे मलजन्य जिवाणू 500 पर्यंत असावेत, फार तर 2500, असा आपल्याकडचा निकष आहे. काशीच्या नाल्यांच्या तोंडाशी हा आकडा कुठल्या कुठे जातो. 2013 मध्ये ते गेले. महंतपद आणि मोजणी दोन्ही मुलाने चालवलीय. श्रद्धा आणि विज्ञान यांच्यावर आपल्याकडे जी वादावादी होते तिच्यात या माणसाचं नाव का येत नाही, हे मला कळलेलं नाही. कदाचित तो कुठल्याच बाजूला सोयीचा नसेल.

पुढची तटबंदी पाहून कोणीही विचारतो, हा किल्ला कोणाचा? चेतसिंगाचा. 1775 मध्ये बनारस अवधच्या नवाबाकडून कंपनीकडे गेलं. वॉरन हेस्टिंग्ज पैशासाठी राजाच्या मागे लागला आणि ऑगस्ट 1781 मध्ये स्वतः इथे येऊन त्याने चेतसिंगाला याच वाड्यात अटकेत टाकलं. राजाच्या माणसांनी पहाऱ्यावरचे शिपाई कापले आणि चेतसिंग पागोट्यांची दोरी करून खिडकीतून नदीत उतरला. नावाडी ती खिडकी दाखवतो. प्रत्येक नावाडी वेगळी दाखवतो. हेस्टिंग्जवरही रातोरात चुनारला पळायची पाळी आली, ही गोष्ट काशीकर अजून चवीने सांगतात. चेतसिंग मात्र परत आला नाही. तो गेला ग्वाल्हेरला, महादजी शिंद्यांच्या आसऱ्याला, आणि 1810 मध्ये तिथेच वारला. उत्तर हिंदुस्थानात इंग्रजांशी बिनसलेल्याला तेव्हा जायला एकच दार उरलं होतं, आणि ते मराठी होतं.

हरिश्चंद्र घाटाशी नावाड्याने इंजिन थांबवलं नाही, नुसता उजवा हात छातीशी नेला. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा केदार घाट दाक्षिणात्यांचा. तिथे तेलुगू आणि तमिळ ऐकू येतं, इडलीही मिळते. त्यापुढच्या नारद घाटावर जोडप्याने स्नान केलं तर भांडणं होतात अशी समजूत आहे. आमच्या शेजारच्या नावेतल्या एका काकूंनी हे ऐकून नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आपल्याला काय फरक पडणार?"

राजा घाटाशी मात्र थांबायला हवं. हा अमृतरावाचा. रघुनाथरावांचा दत्तक मुलगा, म्हणून दुसऱ्या बाजीरावाचा थोरला भाऊ. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणं घेतलं तेव्हा कारभार काही काळ याच्याच हाती होता. पुढच्याच वर्षी त्याने इंग्रजांकडून सालीना सात लाखांची नेमणूक घेतली आणि उत्तरेत निघून आला; काशीत आणि चित्रकूटजवळच्या कर्वीत राहिला, 1824 मध्ये काशीत वारला. इतिहासाच्या पुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात, त्याही बऱ्या नसतात. इथे त्याला घाट मिळाला. पायऱ्यांवर आता धोबी चादरी वाळत घालतात.

या काठावर असे बरेच येऊन थांबलेत. राज्य गेलेले, नेमणुकीवरचे, पुण्यात परतायची बंदी असलेले. काशीला मोक्षासाठी येतात हे खरं, पण गादी गेल्यावर अब्रूने राहायला दुसरी जागा कुठली होती?

पण सगळेच हरून आले नव्हते. सुरुवात मुळात उलट्या टोकाची आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या भट घराण्याने काशीत बिऱ्हाड केलं. त्यातल्या नारायणभट्टांच्या पुढाकाराने अकबराच्या काळात विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं राहिलं आणि त्याच कुळातले गागाभट्ट 1674 मध्ये रायगडावर आले. एकनाथांचं भागवत पुरं झालं तेही काशीत, 1573 मध्ये. म्हणजे पेशव्यांच्या आधी शास्त्री-पंडितांनी पाय रोवले होते. नारायणभट्टांचं देऊळ औरंगजेबाच्या हुकुमाने 1669 मध्ये पडलं, आणि पुढच्या शतकात मराठी फौजा उत्तरेत आल्या तेव्हा ती सल त्यांच्याबरोबर आली.

थोरल्या बाजीरावांच्या वेळेपासून काशीतल्या मराठी गुमास्त्यांमार्फत घाटांची कामं सुरू झाली. 1742 मध्ये मल्हारराव होळकर फौज घेऊन जवळ आले. ज्ञानवापीची मशीद पाडून तिथे पुन्हा देऊळ बांधायचा त्यांचा मनसुबा होता. त्यांना अडवलं कोणी? काशीतल्याच मराठी ब्राह्मणांनी, आणि पुढाकार होता नारायण दीक्षित पाटणकरांचा. तुमची फौज उद्या निघून जाईल, मागे आमचं काय होईल, हा त्यांचा सवाल होता. पेशव्यांच्या घराण्यात ज्यांना गुरुस्थानी मानत, त्यांनी असं कळवल्यावर काम तिथेच थांबलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. फौजेबरोबर येणारा माणूस आणि तिथे राहणारा माणूस एकाच भाषेत बोलत असले तरी त्यांचा हिशेब एक नसतो.

तरी काशी-प्रयाग हवंच होतं. 1759 मध्ये नानासाहेब पेशवे दत्ताजी शिंद्यांना पत्रं लिहून ही क्षेत्रं अवधच्या नवाबाकडून मिळवायला सांगत होते. जानेवारी 1760 मध्ये दत्ताजी बुराडी घाटावर पडले, पुढच्या जानेवारीत पानिपत झालं आणि जूनमध्ये नानासाहेब गेले. काशीवर मराठ्यांचं राज्य कधीच आलं नाही. एक दिवसही नाही. जे करता येण्यासारखं होतं ते केलं: जमीन विकत घ्या, परवानगी मिळवा, दगड चुनारहून नावेने आणा आणि पायऱ्या बांधा. किल्ला बांधायला सत्ता लागते. घाट बांधायला पैसा, चिकाटी आणि स्थानिक माणसाशी जुळवून घ्यायची तयारी पुरते. म्हणून मराठ्यांचं काशी सारं काठावर आहे.

मुन्शी घाट नागपूरकर भोसल्यांच्या कारभारी मंडळींतल्या श्रीधर नारायण मुन्शींचा. त्याला लागून असलेला उंच वाडा पुढे दरभंग्याच्या महाराजांनी घेतला. आज तिथे महागडं हॉटेल आहे आणि त्याच्या गच्चीवरून घाट पाहायचे तर खिसा जड हवा. मग अहिल्याबाई घाट. 1780 मध्ये त्यांनी बांधलेलं विश्वनाथाचं देऊळ सगळ्यांना ठाऊक असतं. कळसावरचं सोनं पुढे रणजितसिंगांनी दिलं. पण देवळापेक्षा बाईंची दृष्टी मला या काठावर जास्त कळते. अस्सीजवळचं लोलार्क कुंड, मणिकर्णिकेच्या पायऱ्या, पंचगंगेवरची हजार दिव्यांची दगडी दीपमाळ: जिथे माणूस ओला होतो, भाजला जातो किंवा दिवा लावतो, तिथे पैसा घातला. इंदूर राज्याची तिजोरी आणि आपली खासगी दौलत यांचे हिशेब त्यांनी वेगळे ठेवले होते, आणि हा खर्च खासगीतला.

दशाश्वमेधाबद्दल थोडक्यात. पायऱ्या नानासाहेब पेशव्यांच्या, 1748 च्या सुमाराच्या. आरती या भव्य रूपात 1990 च्या दशकातली. दोन्ही चांगल्या आहेत. गर्दी आरतीला असते.

पुढे ओळीने मानमंदिराच्या गच्चीवरची जयसिंगाची वेधशाळा, नेपाळच्या राजाने बांधलेलं ललिता घाटावरचं लाकडी देऊळ, आणि 13 डिसेंबर 2021 रोजी उद्घाटन झालेल्या विश्वनाथ धामाचं नदीकडचं प्रशस्त दार. पूर्वी विश्वनाथाचं देऊळ नदीवरून दिसत नसे. आता मधली दाटी गेली आणि पाण्यातून थेट वर जाता येतं. सोय झाली यात शंका नाही. गल्ल्या गेल्या यातही नाही.

मणिकर्णिकेवर चिता अखंड चालू असतात. फोटो काढू नका असं नावाडी सांगतो आणि तरी कोणीतरी काढतोच. घाटाच्या अगदी लगत, पाण्यात मागे झुकलेलं रत्नेश्वराचं देऊळ आहे आणि वर शिंदे घाट. या घाटाची गोष्ट बायजाबाईंची. कागलच्या घाटग्यांची मुलगी, दौलतराव शिंद्यांची राणी. नवऱ्यामागे तिने ग्वाल्हेरचा कारभार चालवला, ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप बांधला आणि 1830 मध्ये इथे घाट उभारायला घेतला. तो इतका अवजड झाला की काठ खचला, पायऱ्या फाटल्या. वळणाच्या बाहेरच्या काठावर नदी तळाची माती सतत खात असते. वरून दगडांचं ओझं जितकं जास्त तितकं खाली घसरण. विसाव्या शतकात ग्वाल्हेर दरबाराने पुन्हा बांधकाम केलं. रत्नेश्वर तसाच तिरका राहिला. पिसाच्या मनोऱ्यापेक्षा हा जास्त कललाय असं समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरतं, आणि ते खरंच आहे, पण पुरात याचं गर्भगृह महिनोन् महिने गाळाने भरतं ते कोणी फिरवत नाही.

पुराचा हिशेब घाटांच्या रचनेतच आहे. इथे धोक्याची पातळी 71.262 मीटर. 1978 मध्ये पाणी 73.901 मीटरपर्यंत चढलं होतं. उन्हाळ्यात जी पायरी डोक्यावर दोन मजले वाटते ती श्रावणात पाण्याखाली असते, अंत्यसंस्कार गच्च्यांवर आणि गल्ल्यांत होतात, नावा बंद राहतात. पाणी उतरलं की पायऱ्यांवर पुरुषभर गाळ. मग पंप लावून, नदीचंच पाणी मारून तो परत नदीत ढकलतात. आमच्या नावाड्याच्या मते वर्षातले दोन-तीन महिने धंदा नसतो. "क्रूझ वालों को तनखा मिलती है," एवढंच तो म्हणाला.

नागपूरकरांचा भोसले घाट मागे पडला की मोठ्या बोटींवरची माणसं आत जाऊन बसतात. बघण्यासारखं संपलं असा समज. खरं तर मराठी काशी इथून दाट होते. पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. पंचगंगेवर औरंगजेबाची मशीद उंच उभी आहे. एके काळी तिचे मनोरे हीच शहराची खूण होती आणि ते डळमळायला लागले तेव्हा टांकसाळीत नोकरीला असलेल्या जेम्स प्रिन्सेपने दुरुस्त केले. आता ते नाहीत. जिथे मशीद झाली तिथलं बिंदुमाधवाचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी शेजारी वेगळं बांधून दिलं. 1742 मध्ये ज्ञानवापीवर जे सुचलं नव्हतं ते इथे झालं होतं: पाडापाडी न करता बाजूला जागा घेणं.

दुर्गा आणि ब्रह्मा घाट नारायण दीक्षितांच्या पुढाकाराचे. वरच्या मोहल्ल्यात त्यांनी कोकण-देशातून आलेली घरं वसवली. अजून तिथे दारावर मराठी आडनावं दिसतात, गणपती बसतो. बोलणं मात्र घराबाहेर बनारसी. हिंदी पत्रकारितेतलं मोठं नाव असलेले, 'आज'चे संपादक बाबूराव विष्णू पराडकर 1883 मध्ये काशीतल्या अशाच मराठी घरात जन्मले. हिंदी वर्तमानपत्रांची भाषा घडवणाऱ्यांत या माणसाची गणना होते. आपल्याकडे त्यांचं नाव घेतलं तर लोक विचारतात, पराडकर म्हणजे मालवणकडचे का? हो, तिकडचंच घराणं. गेलं आणि तिकडचं झालं.

कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे आपली दिवाळी उलटून पंधरवडा झाला की, इथे देवदिवाळी असते. सगळे घाट दिव्यांनी भरतात. त्या रात्री नावेचा भाव विचारू नये. पंचगंगेवर अहिल्याबाईंची दीपमाळ पेटते तेवढी बघावी आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावं, भाव निम्म्याहून खाली आलेला असतो.

राजघाटाजवळ 1887 चा डफरिन पूल, आता मालवीय पूल. खालून रेल्वे, वरून गाड्या. बहुतेक बोटी इथे किंवा नमो घाटावर वळतात. मी नावाड्याला म्हटलं, पुढे चल. त्याने पुलाकडे पाहिलं, प्रवाहाकडे पाहिलं, परत येताना उलट्या पाण्यात इंजिन किती गॅस खाईल ते सांगितलं आणि दोनशे रुपये वाढवले.

पुलापलीकडे घाटांची गर्दी नाही. झाडी, उंच टेकाड, वरुणेचा काळसर ओघ गंगेत मिसळतो ते ठिकाण. इथे आदिकेशव. बाराव्या शतकातले गाहडवाल राजे या घाटावर स्नान करून गावं दान देत, त्यांचे ताम्रपट सापडलेत. म्हणजे काशीचं जुनं टोक हेच. सध्याचं देऊळ आणि घाट ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या दिवाणाने बांधलेले. पायऱ्यांवर एक म्हातारे पुजारी, दोन कुत्री, आणि शाळा बुडवून मासे पकडणारी तीन पोरं. दर्शनाला रांग नाही, तिकीट नाही, ध्वनिक्षेपक तर नाहीच. पुजाऱ्यांनी कुठून आलात विचारलं. पुणं ऐकल्यावर म्हणाले, "आपके यहाँ से लोग आते थे पहले." मग देवळाच्या छताला गळती कुठे लागलीय ते त्यांनी बोट करून दाखवलं आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्चही सांगितला.